फ्रीजचा कंट्रोल बोर्ड घरी कसा तपासावा आणि कसा दुरुस्त करावा

फ्रीज थंड करेनासा झाला म्हणून बोलावलेला कारागीर मागचे झाकण उघडतो, आतल्या बोर्डावर टॉर्च मारतो आणि “कार्ड गेले आहे, नवे टाकावे लागेल” असे सांगतो, हा अनुभव दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री फ्रीज असलेल्या पुष्कळ घरांना आलेला असेल. माझ्या घरी तीन पावसाळ्यांपूर्वी हाच निकाल मिळाला होता. बोर्ड काढून भिंगाखाली पाहिला तेव्हा कॉम्प्रेसरच्या रिलेच्या (बोर्डाच्या आज्ञेने वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) एका पायाभोवती केसाएवढी गोल चीर दिसली. जुने सोल्डर काढून तिथे नवा डाख दिला आणि तोच बोर्ड आजही चालतो आहे. बहिणीकडे याच्या उलट घडले. तिने नवा बोर्ड बसवून घेतला, फ्रीज आठवडाभर नीट चालला आणि खालचा कप्पा पुन्हा गरम राहू लागला, कारण फ्रीझरच्या मागे बर्फात दडलेला, बर्फ वितळवणाऱ्या हीटरचा थर्मल फ्यूज उडालेला होता आणि दुरुस्तीच्या दिवशी फ्रीज बंद राहिल्यामुळे बर्फ वितळून तो आठवडा तेवढा बरा गेला होता. तेव्हापासून मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली आहे: बोर्ड हा शेवटचा संशयित, आणि मोजमापाने सिद्ध झाल्याखेरीज त्याला दोषी ठरवायचे नाही.

पुढील विवेचन दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजसाठी आहे. एक दार असलेल्या, हाताने बर्फ वितळवावा लागणाऱ्या साध्या डायरेक्ट-कूल फ्रीजमध्ये बहुधा बोर्ड नसतोच. तिथे गोल फिरवायच्या बटणामागचा यांत्रिक थर्मोस्टॅटच कॉम्प्रेसर चालू-बंद करतो. फ्रीज वॉरंटीत असेल तर एकही स्क्रू सोडवू नये. कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी असली तरी बोर्डावरची मुदत अनेकदा एकाच वर्षाची असते, त्यामुळे वॉरंटी कार्ड काढून तारीख आधी पाहून घ्यावी.

काम सुरू करण्यापूर्वी

फ्रीजचा प्लग सॉकेटमधून बाहेर काढावा; नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण काही घरांत वायरिंग करताना फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झालेली असते आणि बटण बंद असूनही बोर्डावर फेज जिवंत राहतो. प्लग काढल्यानंतरही धोका लगेच संपत नाही. घरात येणारा २३० व्होल्टचा एसी पुरवठा बोर्डावर डायोडमधून गेला की त्याच्या शिखराएवढा, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्टचा डीसी होऊन मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठतो, आणि बोर्ड बिघडलेला असेल तर तो साठा वापरला न जाता तसाच पडून राहतो. म्हणून मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून कॅपॅसिटरच्या दोन पायांवर मोजावे. आकडा दहाच्या वर असेल तर होल्डरमध्ये बसवलेल्या ६० वॉटच्या जुन्या पद्धतीच्या बल्बच्या दोन वायरी त्या पायांना काही सेकंद लावून साठा रिकामा करावा आणि पुन्हा मोजून खात्री करावी. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याची सवय पुष्कळ ठिकाणी दिसते. त्यात ठिणगी उडते, बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक जळतात आणि डोळ्याला इजा होऊ शकते.

दुसरी गोष्ट गॅसची. कॉम्प्रेसरवरच्या लेबलवर आर-६००ए लिहिलेले असेल तर आत आयसोब्युटेन आहे आणि तो पेट घेतो. बोर्डाचे काम करताना गॅसच्या नळ्यांना हात लावण्याची गरज पडत नाही, परंतु फ्रीझरमधला बर्फ सुरी किंवा स्क्रूड्रायव्हरने खरवडताना ॲल्युमिनियमची नळी फुटली तर गॅस बाहेर येतो. बर्फ केवळ दार उघडे ठेवून, आपोआप वितळू द्यावा. सोल्डरिंगही फ्रीजजवळ न करता बोर्ड टेबलावर आणून करावे.

तिसरी गोष्ट अनेक जाणकारांच्याही लक्षात येत नाही. बोर्डावर ५ व्होल्ट आणि १२ व्होल्टच्या जागा असतात, म्हणून तो भाग सुरक्षित असेल असे वाटते. परंतु काही बोर्डांत पुरवठ्याला विलग करणारा ट्रान्सफॉर्मर नसतो आणि त्या ५ व्होल्टची ग्राउंड (उणे बाजू) थेट घरच्या लाइनीशी जोडलेली असते. प्लग काढलेला असताना, ५ व्होल्टची ग्राउंड आणि बोर्डावर पुरवठा येतो त्या दोन पिना यांच्यामध्ये रोध मोजावा. काही ओहम किंवा काही किलोओहमचा मार्ग सापडला, किंवा रोध शून्य असून बीप वाजला, तर पुरवठा चालू असताना संपूर्ण बोर्ड, सेन्सरच्या वायरींसह, जिवंत आहे असे समजावे. चालू पुरवठ्यावर मोजताना मीटरच्या क्लिपा आधी लावाव्यात, मग प्लग घालावा, आकडा वाचावा, प्लग काढावा आणि त्यानंतरच क्लिपा हलवाव्यात. ज्यांना ही पद्धत पाळणे जिकिरीचे वाटते त्यांनी पुरवठा बंद ठेवून करायच्या तपासण्यांपर्यंतच थांबावे. दोषांचा मोठा भाग त्यातूनही सापडतो.

बोर्ड काय करतो

बोर्डाचे काम समजून घेतले की तपासणीचा क्रम आपोआप सुचतो. फ्रीझर आणि खालचा कप्पा यांतील सेन्सर त्याला तापमान कळवतात, दाराचे बटण दार उघडे आहे की बंद ते कळवते. या माहितीवरून तो कॉम्प्रेसर, आतला पंखा आणि बर्फ वितळवणारा हीटर यांना रिलेमार्फत पुरवठा देतो किंवा तोडतो. म्हणजे आत येणारी माहिती, बोर्डाचा स्वतःचा निर्णय आणि बाहेर जाणारा पुरवठा असे तीन टप्पे आहेत. आत येणारी माहिती बरोबर असूनही बाहेर जाणारा पुरवठा चुकीचा असेल, तरच दोष बोर्डाचा. सेन्सर खोटे बोलत असेल तर बोर्ड बिचारा त्या खोट्यावर विश्वास ठेवून चुकीचे वागतो, आणि त्याने योग्य पुरवठा दिल्यावरही मोटर फिरत नसेल तर त्याचा इलाज मोटरजवळ करायचा असतो.

लक्षणांवरून सुरुवातीचा तर्क

पुरवठा देताच कॉम्प्रेसर सुरू झाला नाही म्हणून घाबरू नये. बहुतेक बोर्ड वीज आल्यावर काही मिनिटे मुद्दाम थांबतात, कारण नळ्यांतील दाब समान होण्याआधी कॉम्प्रेसर सुरू केला तर तो अडकतो. त्याचप्रमाणे, ठरावीक तास चालल्यानंतर बोर्ड कॉम्प्रेसर बंद करून हीटर चालू करतो आणि तो अर्धा-पाऊण तास फ्रीज अगदी निपचित असतो. या वेळेत तपासणी करणारा हमखास चुकतो. घड्याळ लावून निदान एक तास वाट पाहावी.

फ्रीझर बऱ्यापैकी गार परंतु खालचा कप्पा गरम, हे सर्वांत जास्त आढळणारे लक्षण होय. फ्रीझरच्या मागच्या पडद्याआड बर्फाची भिंत तयार झाली की थंड हवा खाली येत नाही. येथे एक सोपी, हत्याराविना होणारी परीक्षा आहे: सगळे सामान बाहेर काढून, प्लग काढून, दोन्ही दारे उघडी ठेवून फ्रीज चोवीस तास तसाच ठेवावा. त्यानंतर तो आठ-दहा दिवस उत्तम चालला आणि पुन्हा तेच झाले, तर बर्फ वितळवण्याच्या साखळीतला दोष निश्चित झाला. गॅस आणि कॉम्प्रेसर ठीक आहेत हेही त्याच परीक्षेत कळते.

कॉम्प्रेसर “हूं” करतो, काही सेकंदांत “टिक” आवाज येऊन बंद पडतो आणि काही मिनिटांनी पुन्हा तसेच करतो, असे असेल तर बोर्डाने आपले काम केलेले आहे; दोष कॉम्प्रेसरजवळच्या पीटीसी रिलेत (कॉम्प्रेसर सुरू करून देणाऱ्या भागात), ओव्हरलोडमध्ये (फार तापल्यास पुरवठा तोडणाऱ्या भागात), खुद्द कॉम्प्रेसरमध्ये किंवा कमी व्होल्टेजमध्ये शोधावा. शेतीपंप चालू असण्याच्या वेळेत गावाकडे व्होल्टेज इतके खाली जाते की चांगला कॉम्प्रेसरही उठत नाही, म्हणून सॉकेटवरचे व्होल्टेज फ्रीज सुरू होत असतानाच मोजावे. कॉम्प्रेसर अखंड चालतो परंतु गारवा नाही, तर प्रकरण बहुधा गॅसचे आहे आणि बोर्ड बदलून काहीही होणार नाही. कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि खालच्या कप्प्यातली कोथिंबीर, दूध गोठू लागले, तर मात्र सेन्सर किंवा चिकटलेला रिले यांच्यावर संशय घ्यावा.

फ्रीज पूर्ण मेलेला असेल तेव्हा आतल्या दिव्याचा पुरावा जपून वापरावा. जुन्या मॉडेलांत दिवा दाराच्या बटणातून थेट २३० व्होल्टवर चालतो, त्यामुळे दिवा लागला म्हणून बोर्डाला वीज मिळते असे सिद्ध होत नाही. नव्या मॉडेलांतील एलईडी दिवा पुष्कळदा बोर्डाच्याच १२ व्होल्टवर असतो. तो लागत असेल तर बोर्डाचा पुरवठा-विभाग जिवंत आहे.

बोर्डाला हात लावण्यापूर्वी

फ्रीजच्या मागे किंवा बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सर्किटचा नकाशा चिकटवलेला असतो. त्याचा मोबाइलवर स्पष्ट फोटो घ्यावा, बोर्डाला लागलेल्या प्रत्येक सॉकेटचाही घ्यावा. कुठली वायर कशाची हे त्या नकाशावरून ठरवावे. वायरीच्या रंगावरून अंदाज बांधू नये.

प्रथम सेन्सर. हे सेन्सर एनटीसी जातीचे असतात, म्हणजे तापमान उतरले की त्यांचा रोध वाढतो. सेन्सरचे सॉकेट बोर्डावरून काढून दोन पिनांमध्ये रोध मोजावा, मग सेन्सरचे टोक बर्फ आणि पाणी घातलेल्या ग्लासात पाच मिनिटे धरून पुन्हा मोजावा. २५ अंशांना १० किलोओहम असलेला सेन्सर शून्य अंशाला साधारणपणे २७ ते ३३ किलोओहम दाखवतो. ५ किलोओहमचे सेन्सरही वापरात आहेत, म्हणून नेमक्या आकड्यापेक्षा आकडा शांतपणे, सलग आणि योग्य दिशेने सरकतो की नाही हे पाहावे. मधूनच उडी मारणारा किंवा स्थिर न राहणारा आकडा खराब सेन्सरचा असतो. फ्रीजमधील दोन सेन्सर एकाच जातीचे असतील तर दोन्ही एकाच ग्लासात धरून तुलना केली की तक्त्याचीही गरज राहत नाही.

सेन्सरच्या जोडणीत ओल शिरून पितळेवर हिरवी पुटे चढलेली असतील, तर त्या ओलाव्यातून गळती होऊन रोध खोटा कमी दिसतो, बोर्डाला वाटते की आत उकाडा आहे, आणि तो कॉम्प्रेसर थांबवतच नाही. कोकणातल्या खाऱ्या दमट हवेत हा दोष मी वारंवार पाहिला आहे. उलट, सेन्सरची वायर तुटली तर रोध अनंत होतो, म्हणजे बोर्डाच्या हिशेबी आत कडाक्याची थंडी पडते. त्या स्थितीत काही बोर्ड कॉम्प्रेसर बंद ठेवतात आणि काही ठरावीक वेळाने चालू-बंद करीत कसेबसे निभावून नेतात.

त्यानंतर बर्फ वितळवणारी साखळी. हीटरचा रोध त्याच्या वॉटवरून काढता येतो: २०० वॉटचा हीटर असेल तर २३० गुणिले २३० भागिले २००, म्हणजे सुमारे २६५ ओहम. हीटरबरोबर ७० अंशांच्या वर कायमचा उडणारा थर्मल फ्यूज एकसर जोडलेला असतो, आणि अनेक मॉडेलांत बायमेटलही असतो. इथे एक सापळा आहे. बायमेटल शून्याच्या खाली गेल्यावर जुळतो आणि गरम झाल्यावर सुटतो, त्यामुळे बर्फ वितळवून, फ्रीज उघडा ठेवून साखळी मोजली तर सर्व काही ठीक असूनही मीटर तुटलेली साखळी दाखवतो आणि चांगला बायमेटल किंवा चांगला हीटर फेकला जातो. बायमेटल तपासायचा तर तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून, मीठ मिसळलेल्या बर्फात पंधरा मिनिटे ठेवावा आणि मग मोजावा. थर्मल फ्यूज उडालेला आढळला तर त्याच तापमानाचा नवा घालावा. तिथे साधी वायर जोडून काम चालवणे हे प्लास्टिकच्या पेटीत उघडा हीटर मोकाट सोडण्यासारखे आहे. घरातली माणसे झोपलेली असताना हा हीटर चालू होतो, हे कोणीही विसरू नये.

साध्या (इन्व्हर्टर नसलेल्या) कॉम्प्रेसरच्या तीन पिनांपैकी कोणत्या दोन पिनांमध्ये सर्वाधिक रोध आहे ते पाहावे. तो उरलेल्या दोन मोजमापांच्या बेरजेइतका यायला हवा. कुठल्याही पिनेचा कॉम्प्रेसरच्या लोखंडी अंगाशी संबंध दिसता कामा नये. ओव्हरलोडमध्ये बीप वाजावा. पीटीसी कानाजवळ हलवून पाहावा. आत खडखड वाजत असेल तर त्यातील चकती फुटलेली आहे.

हे सर्व ठीक निघाले, की मग प्रश्न उरतो: बोर्ड कॉम्प्रेसरला वीज पाठवतो का? यासाठी केवळ मीटरवर विसंबू नये. डिजिटल मीटर इतका हलका असतो की रिले उघडा असताना शेजारच्या वायरींतून आलेले आभासी व्होल्टेजही तो दाखवतो, आणि तडा गेलेल्या डाखातूनही तो पूर्ण २३० दाखवतो, कारण मीटर काही ओढतच नाही. म्हणून साध्या कॉम्प्रेसरच्या फ्रीजमध्ये कॉम्प्रेसरचा प्लग सुटा करून त्याच्या जागी ६० वॉटचा बल्ब होल्डरसह जोडावा, झाकणे बंद करून फ्रीज चालू करावा आणि वाट पाहावी. बल्ब पूर्ण तेजाने लागला तर कॉम्प्रेसरपुरता बोर्ड निर्दोष आहे. मिणमिणला, लुकलुकला किंवा लागलाच नाही, तर बोर्ड बाहेर काढण्याची वेळ आली.

बोर्ड टेबलावर

साठा रिकामा झाल्याची खात्री करून बोर्ड चांगल्या उजेडात ठेवावा आणि मीटर बाजूला ठेवून दहा मिनिटे नुसते पाहावे. बोर्डाच्या उबेसाठी आत शिरलेली पाल दोन ट्रॅकांना एकाच वेळी टेकून मेलेली असणे, झुरळांची विष्ठा ओल धरून ट्रॅक खात असणे, रिलेत मुंग्या चिरडलेल्या असणे, ही आपल्याकडची नेहमीची कारणे आहेत. डोके फुगलेले कॅपॅसिटर लगेच ओळखू येतात. मागच्या बाजूला रिले, मोठे सॉकेट आणि ट्रान्सफॉर्मर यांच्या पायांभोवती भिंगातून पाहावे: पायाभोवती काळसर वर्तुळ दिसले तर तोच ड्राय सोल्डर, म्हणजे चिरलेला डाख. रिले दिवसातून कितीतरी वेळा तापतो-निवतो आणि जड प्रवाह त्याच्याच पायांतून जातो, म्हणून चिरा बहुधा तिथेच पडतात.

काचेचा फ्यूज उडालेला असेल तर त्याची काच बोलते. तार मधोमध नीट तुटून काच स्वच्छ असेल तर थोडा जादा प्रवाह बराच वेळ गेला असावा. काच काळी किंवा चंदेरी झाली असेल तर पुढे सरळ शॉर्ट आहे आणि नुसता फ्यूज बदलला तर तोही त्याच क्षणी उडेल. फ्यूजच्या जवळ निळी किंवा पिवळी गोल चकती असते, तो एमओव्ही. खांबावरची न्यूट्रल तुटली की घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या आसपास पुरवठा शिरू शकतो. तेव्हा एमओव्ही स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो आणि पुढचा बोर्ड वाचवतो. चकती तडकलेली किंवा जळलेली दिसली तर ती कापून काढून फ्यूज आणि एमओव्ही दोन्ही एकदम बदलावेत. एमओव्ही काढून टाकूनही फ्रीज सुरू होतो आणि काही कारागीर तो तसाच परत देतात. पुढच्या वेळी न्यूट्रल तुटली तर वाचवायला कोणी उरत नाही.

आता मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून चारही डायोड किंवा ब्रिज (चार डायोडांचा एकत्र तुकडा) तपासावा: एका दिशेने ०.५ ते ०.७, उलट दिशेने काहीच नाही. दोन्ही दिशांनी बीप आला तर तो डायोड गेला. मोठ्या कॅपॅसिटरच्या पायांवर सरळ शॉर्ट दिसत असेल आणि डायोड ठीक असतील, तर बहुधा त्यापुढची पुरवठ्याची आयसी (चिप) शॉर्ट आहे. आपल्याकडच्या अनेक बोर्डांत ती व्हायपर-२२ए किंवा तत्सम आठ पायांची असते. ही आयसी जाताना आधीचा फ्यूजसारखा काम करणारा छोटा रोधही सोबत नेते, म्हणून तोही मोजावा.

शॉर्ट नसल्याची खात्री झाली तरी बोर्डाला थेट वीज देऊ नये. ६० वॉटचा पिवळ्या उजेडाचा जुना बल्ब फेजच्या वायरीत एकसर जोडावा. कारागीर याला सिरीज लॅम्प म्हणतात आणि माझ्या मते या कामातले हे सर्वांत मोलाचे साधन आहे. प्लग घालताच बल्ब क्षणभर लागून विझला तर बोर्ड पुरवठा-विभागात निरोगी आहे, पूर्ण तेजाने लागून राहिला तर शॉर्ट अजून शिल्लक आहे आणि बल्बाने बोर्डाला जळण्यापासून वाचवले आहे. एलईडी बल्ब येथे चालत नाही.

यानंतर १२ व्होल्ट आणि ५ व्होल्ट मोजावेत. ५ व्होल्टचा आकडा ४.७५ ते ५.२५ च्या बाहेर गेला तर मायक्रोकंट्रोलर (बोर्डाचे निर्णय घेणारी चिप) भरवशाचा राहत नाही. १२ च्या जागी ८-९ व्होल्ट येत असतील, रिले फडफडत असेल किंवा डिस्प्ले मधूनच नव्याने सुरू होत असेल, तर दुय्यम (१२ आणि ५ व्होल्टच्या) बाजूचे कॅपॅसिटर वाळलेले असतात. ते फुगलेले दिसत नसले तरी बदलून पाहावेत, कारण खर्च अगदी किरकोळ आहे. १२ नीट आणि ५ नाही, तर दोष ७८०५ या ५ व्होल्ट तयार करणाऱ्या आयसीत किंवा तिच्या पुढच्या शॉर्टमध्ये.

दोन्ही पुरवठे ठीक असून रिले ओढत नसेल तर मधला दुवा पाहावा. मायक्रोकंट्रोलर रिलेला स्वतः चालवू शकत नाही. ते काम यूएलएन-२००३ नावाची आयसी किंवा सुटा ट्रान्झिस्टर करतो. आयसीच्या इनपुटला सुमारे ५ व्होल्ट आले की समोरचे आउटपुट शून्याजवळ यायला हवे. इनपुट आले आणि आउटपुट उतरले नाही, तर आयसी खराब. आउटपुट उतरले आणि रिले हलला नाही, तर रिलेच्या कॉइलचा रोध मोजावा. १२ व्होल्टच्या रिलेत तो साधारणपणे १५० ते ४०० ओहम असतो. वीज नसताना रिलेच्या उघड्या हव्या असलेल्या संपर्कांत बीप वाजत असेल तर ते संपर्क वितळून चिकटले आहेत, आणि थांबत नसलेल्या कॉम्प्रेसरचे उत्तर तेच आहे. सेन्सर खरे, पुरवठा खरा, वेळ भरपूर दिलेला, तरीही इनपुटला आज्ञा कधीच येत नसेल, तर मायक्रोकंट्रोलर गेला. त्यातला प्रोग्राम बाजारात मिळत नसल्यामुळे तिथे घरची दुरुस्ती थांबते.

डाख देणे आणि भाग बदलणे

ड्राय सोल्डरवर नुसते जास्तीचे सोल्डर थापू नये. जुने सोल्डर पंपाने किंवा तांब्याच्या जाळीने पूर्ण काढावे, पाय घासून चकचकीत करावा, फ्लक्स लावावा आणि मग २५ ते ४० वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने पाय व ट्रॅक दोन्ही तापवून नवे सोल्डर वितळू द्यावे. ते पायाभोवती उतरत्या शंकूसारखे आणि चमकदार बसले पाहिजे. रिलेच्या जवळचे सगळे पाय त्याच बैठकीत पुन्हा डाखून घ्यावेत. एक चिरला म्हणजे बाकीचे त्याच वाटेवर असतात.

कॅपॅसिटर बदलताना मायक्रोफॅरड तोच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, आणि तापमान १०५ अंशांचे घ्यावे. उणे बाजूची पट्टी उलट बसली तर तो फुटतो. रिले घेताना कॉइलचे व्होल्ट, संपर्कांचे अँपिअर आणि पायांची मांडणी या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत, म्हणून जुना रिले खिशात घालूनच दुकानात जावे. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली येथे हे भाग सहज मिळतात.

पाल किंवा झुरळाने जाळलेल्या जागी बोर्डाचा पृष्ठभाग कोळसा झालेला असतो, आणि कोळसा वीज वाहतो. पुसून तो जात नाही. टोकदार पात्याने खरवडून पांढरा-हिरवा कोरा थर लागेपर्यंत काढावा, अन्यथा दुरुस्त झालेला बोर्ड दमट दिवशी पुन्हा त्याच ठिकाणी पेटतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रशने बोर्ड धुवावा, पूर्ण वाळू द्यावा आणि रिले व सॉकेट सोडून बाकी भागावर पीसीबीसाठीचा लॅकर फवारावा.

इन्व्हर्टर फ्रीज

इन्व्हर्टर फ्रीजमध्ये मुख्य बोर्डाखेरीज कॉम्प्रेसरजवळ दुसरा बोर्ड असतो, जो ३२५ व्होल्ट डीसीपासून तीन फेज तयार करून कॉम्प्रेसरला देतो. येथे कॉम्प्रेसरच्या तिन्ही जोड्यांतला रोध सारखा यायला हवा. या कॉम्प्रेसरला थेट २३० व्होल्ट कधीही देऊ नयेत, आणि वर सांगितलेली बल्बची परीक्षाही त्याच्या तीन वायरींवर करू नये. काही इन्व्हर्टर बोर्डांवर छोटा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून दोष सांगतो. त्याचा अर्थ फ्रीजवरच्या नकाशात दिलेला असतो. फ्यूज, डाख आणि सॉकेट एवढे पाहावे. त्यापुढची पॉवर आयसी घरी बदलण्याच्या फंदात पडू नये, बोर्डच बदलावा.

नवा बोर्ड घ्यावा लागला तर

दिसायला हुबेहूब असलेले दोन बोर्ड वेगळ्या प्रोग्रामचे असू शकतात, आणि त्यांना अपेक्षित असलेले सेन्सरही वेगळे असतात. जुन्या बोर्डावरच्या स्टिकरचा पूर्ण क्रमांक, शेवटच्या अक्षरासह, जुळवावा. भंगारातल्या त्याच मॉडेलच्या फ्रीजचा बोर्ड मिळाला तर तो उत्तम, मात्र तोही आधी सिरीज लॅम्पवर तपासून घ्यावा. बाजारात मिळणारे युनिव्हर्सल बोर्ड शेवटचा उपाय म्हणून ठीक आहेत. ते वापरताना त्यांच्यासोबत आलेलेच सेन्सर बसवावेत, जुने तसेच ठेवले तर तापमान कधीच जमत नाही. आणि जुना बोर्ड कशाने गेला हे कळल्याखेरीज नवा बसवू नये: शॉर्ट झालेल्या हीटरने किंवा पंख्याने जुना मारला असेल तर तो नव्यालाही मारील.

परत बसवल्यानंतर

फोटो समोर ठेवून सॉकेट बसवावेत, अर्थिंगची वायर पत्र्याला घट्ट लावावी, आणि झाकण लावल्यावरच प्लग घालावा. बोर्डाच्या पेटीत वायरी जातात त्या फटी बारीक जाळीने बुजवाव्यात, म्हणजे पाल शिरणार नाही आणि हवाही खेळती राहील. क्लॅम्प मीटर असेल तर साधा कॉम्प्रेसर चालू असतानाचा प्रवाह पाहावा. घरगुती फ्रीजसाठी तो एका अँपिअरच्या आसपास असतो. फ्रीज रिकामा ठेवून चोवीस तासांनी थर्मामीटरने तपासावे: फ्रीझर उणे १८ अंशांच्या जवळ आणि खालचा कप्पा २ ते ५ अंशांच्या दरम्यान आला पाहिजे. परंतु एवढ्यावर समाधान मानू नये. बर्फ वितळवण्याची साखळी खरोखर चालते की नाही हे दहा-बारा दिवसांनीच कळते, म्हणून त्या दिवसांत एकदा तरी मागच्या तळाशी पाणी साठायच्या ट्रेमध्ये पाणी उतरल्याचे पाहावे. दुरुस्तीची तारीख, बदललेला भाग आणि सेन्सरचे मोजलेले आकडे एका कागदावर लिहून तो झाकणाच्या आत चिकटवावा. माझ्या फ्रीजमध्ये तसा कागद आहे, आणि दर पावसाळ्याच्या आधी झाकण उघडून त्या रिलेच्या पायाकडे मी पुन्हा भिंगातून पाहतो.